ऐंशीनंतरचा नकार

३ मार्च

आत्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानं शिंपीणबाईंच्या शिलाई मशीनच्या आवाजाबद्दल आहेत, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं मी धरून चालते. फोन का उचलत नाहीस हे विचारणं मी सोडून दिलंय. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडलेस, तुझे कान किटले, मान्य. पण तुझ्या या व्रतापायी एका मेंदूच्या सर्जनला पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जावं लागतं, याची नोंद असू दे.

आता ऐक. गेल्या आठवड्यात आमच्या इमर्जन्सीच्या दाराशी एक मोटार येऊन आदळली. पुढे-मागे शिकाऊ चालकाच्या पाट्या. चालवणारी मुलगी रडवेली, आणि शेजारच्या सीटवर तिचे मास्तर. वय वर्षं शहाऐंशी, अजून ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. शिकवता शिकवता त्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि ‘ब्रेक’ हा शब्दच येईना. पोरगीला अजून धड वळवताही येत नव्हतं, पण तिने गाडी सरळ आमच्याकडे हाणली. वाटेत कुणाचा तरी आरसा गेला, आणि आमच्या दाराचा खांब.

मास्तरांच्या मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी होती. मांडीतून एक बारीक नळी आत घालायची, ती वर मेंदूपर्यंत न्यायची, गुठळी धरायची आणि अलगद ओढून काढायची. हे माझं रोजचं काम. पण गेल्या वर्षापासून आमच्याकडे नियम आहे: ऐंशीच्या वरच्यांना हे करायचं नाही. त्यांना औषध द्यायचं आणि खाट. म्हातारी माणसं जास्त दगावतात, विभागाचा निकाल खराब दिसतो, हे कारण. शब्द अर्थातच याहून गोड आहेत.

मी केलं. दुसऱ्या दिवशी मास्तर ट्रॉली ढकलणाऱ्याला सांगत होते, वळण्याआधी मागे बघायची सवय लावा.

मोठे साहेब भडकले. मेंदूच्या सगळ्या सर्जरीचे प्रमुख आहेत, शिवाय कवटी उघडायला मला त्यांनीच शिकवलं. चाळिशी उलटल्यावर मी पोरांच्या वर्गात बसून हे नळीचं काम शिकले, तेव्हापासून त्यांचा माझ्यावर राग आहे. ‘सुतारकाम सोडून प्लंबर झालीस,’ असं चारचौघांत म्हणतात. परवा म्हणाले, ‘नियम तुला लागू नाहीत का?’ मी म्हटलं, मला आहेत, मास्तरांना नाहीत. बोलून मोकळी झाले. आता बघू.

तुझी,
खारूताई


१० मार्च

खारूताई,

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हे तू माझ्याकडून घेतलंस. घरात सगळे त्याचं खापर माझ्यावर फोडायचे. आज मला त्याचा आनंद झाला, हे आधी लिहून टाकते.

तुझे मोठे साहेब पासष्टीचे असतील ना? मग थांबेल त्यांचा नियम अजून पंधरा वर्षं. मी मात्र चौऱ्याऐंशीची आहे. म्हणजे तुमच्या दारात मला आणलं तर मला औषध आणि खाट. हे वाचून मी जिन्याखाली जाऊन शिंपीणबाईंना सांगून आले. त्या म्हणाल्या, माझी चार वर्षं राहिलीत, तोवर काय ते होऊन गेलेलं बरं. आम्ही खूप हसलो.

पण आता हसणं बाजूला ठेव. मी तुला एक गोष्ट सांगायची टाळत आले. तू तुझ्या मास्तरांसाठी भांडतेस ते बरोबर आहे. माझ्यासाठी भांडायचं नाही. मला तसलं काही झालं तर नळी नको, सुरी नको. मला जाऊ द्यायचं.

तुझा बाप पक्षाघाताने सहा वर्षं त्या खाटेवर होता. तू तेव्हा मेडिकलला होतीस, सुट्टीत यायचीस, त्याचा हात धरून बसायचीस आणि परत जायचीस. तू चांगली मुलगी होतीस, मी तुला दोष देत नाही. पण त्याला कुशीवर मी वळवत होते. माझा भाऊ, ज्याच्या बडबडीला सगळी गल्ली वैतागलेली, तो सहा वर्षं ‘ती ती ती’ एवढंच म्हणत होता. पाणी हवं तरी ती ती ती, खिडकी लावायची तरी ती ती ती. मला ते समजायला वेळ लागला तर तो चिडून रडायचा. मी माझं सगळं आयुष्य बोलण्यावर काढलं. बोलणं गेलेली आत्या कुणाला नको आहे, आणि सगळ्यात आधी मलाच नको.

हे पत्र नीट जपून ठेव. आणि उत्तरात ‘हो’ लिही.

आत्या


२२ मार्च

आत्या,

‘हो’ लिहीत नाही. तुझ्या पत्राला दहा दिवस उत्तर दिलं नाही त्याचं कारण मात्र वेगळं आहे.

एक आजी आल्या होत्या, मास्तरांहूनही मोठ्या. डावी बाजू गेलेली, पण बोलणं शाबूत. मी त्यांच्या कानाशी बसले आणि सगळं सांगितलं. गुठळी काढली तर चालाल, कदाचित. काढताना रक्तस्राव झाला तर जाल. नाही काढली तर अशाच राहाल. त्या म्हणाल्या, ‘अशी राहण्यापेक्षा तू काय करायचं ते कर, पोरी.’ मी केलं. रक्तस्राव झाला. गेल्या.

त्यांच्या मुलीने माझे हात हातात घेतले. तक्रार केली ती मोठ्या साहेबांनी. आता चौकशी समिती बसणार आहे. एक मार्ग त्यांनी आधीच सुचवलाय: मी समितीसमोर सही करायची की इथून पुढे वयाचा नियम पाळीन. केली तर प्रकरण मिटलं. नाही केली तर मी प्रमुख असलेल्या पक्षाघात विभागातूनच मला काढतील आणि पाठीच्या मणक्यांच्या ऑपरेशनला बसवतील. वीस वर्षांनी मणके. पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये म्हणतात, पण हे तळंही मीच खणलंय, आत्या. मी आले तेव्हा इथे पक्षाघाताचा पेशंट म्हणजे कोपऱ्यातली खाट होती.

मी मरणाबद्दल भांडत नाहीये. आजी गेल्या ते मला झोपू देत नाही. मी भांडतेय ते यासाठी की मी त्यांना विचारलं होतं. नियम कुणाला विचारत नाही, जन्मसाल बघतो आणि दार लावतो. समितीसमोर मी एवढंच म्हणणार आहे: माणसाला विचारा.

आणि बाबांच्या खाटेचं म्हणशील तर मी ती विसरलेली नाही. मी हे काम धरलं ते त्या खाटेमुळेच. अशी एक खाट तरी कमी व्हावी म्हणून. तू मला तीच खाट दाखवून उलटं सांगतेस. यावर आपलं जमणार नाही.

खारूताई


२९ मार्च

खारूताई,

सही करू नकोस. केलीस तर या घरी येऊ नकोस, मी दार उघडणार नाही. त्या आजींना तू विचारलंस, त्यांनी सांगितलं. याहून मोठा कागद कुठल्या साहेबाकडे असेल तर मला दाखवायला सांग.

आणि आता तूच लिहिलंस ते वाच. माणसाला विचारा म्हणतेस. मग मला विचारलंस असं समज आणि मी उत्तर दिलंय. नको. तुझ्या मास्तरांचं उत्तर चालतं, आजींचं चालतं आणि आत्याचं चालत नाही, हा कुठला न्याय? मी घरची म्हणून माझ्यावर जबरदस्ती करायची का?

तुझी ‘हो’ची चिठ्ठी अजून आली नाही. वाट बघतेय.

आत्या


४ मे

आत्या,

हे पत्र शिंपीणबाई तुला वाचून दाखवतील. तू घरी आलीस, चालतेस, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतेस हे शहामृगाने कळवलं. तू त्याला ओळखत नसशील. तुझी गुठळी ज्याने काढली तो लांबलचक मानेचा डॉक्टर. माझाच विद्यार्थी, माझ्याकडे चार वर्षं होता; आता तुमच्या तिथल्या हॉस्पिटलात आहे, तिथे वयाचा नियम नाही. हात चांगला आहे.

मी आले तेव्हा तू गुंगीत होतीस, आणि शुद्धीवर आलीस तेव्हा इथल्या ऑपरेशनसाठी मला परत निघावं लागलं. म्हणून काय झालं ते लिहिते. सकाळी शिंपीणबाईंना जिन्यात तुझी किटली पडल्याचा आवाज आला. त्यांनी गाडी बोलावली. शहामृगाने नातलग म्हणून मला फोन केला. तू तेव्हा शुद्धीवर नव्हतीस, तुला काही कळत नव्हतं. विचारायला माणूसच नव्हतं म्हणून मी हो म्हटलं. तुझ्या पत्रांची मला आठवण होती. पण ती पत्रं बोलणं कायमचं गेलं तर काय, याबद्दल होती आणि तुझं बोलणं वाचण्यासारखं होतं. वाचलंही. उजव्या हातात जोर यायला वेळ लागेल. व्यायाम चुकवू नकोस.

समिती जूनमध्ये बसतेय. मोठे साहेब मला कॉरिडॉरमध्ये भेटतात आणि ‘काय ठरलं?’ विचारतात. काही ठरलं नाही म्हणते.

तू रागावली असशील. रागाव. रागावलेली आत्या मला चालते.

खारूताई


२१ मे

खारूताई,

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय. हसायचं नाही.

तू खोटं लिहिलंस. मी शुद्धीवर होते. छतावरचा डाग बघत होते. शहामृग वाकला. म्हणाला, आजी, गुठळी काढू का. मी मान हलवली. नको. त्याने परत विचारलं नाही. फोन लावला. त्याचे हात कामात होते म्हणून स्पीकर चालू होता. दुसऱ्यांचे फोन ऐकण्यात माझी हयात गेली. मी ऐकलं.

तो म्हणाला, मॅडम, त्या मान हलवताहेत, नको म्हणताहेत.

तू म्हणालीस, वाचा गेलेल्यांचं मान हलवणं धरू नकोस. कर.

मी पुन्हा मान हलवली. मग ओरडले. काय ओरडले ठाऊक आहे? ती ती ती.

तुझ्या साहेबाने माझं जन्मसाल बघितलं असतं. तू काय बघितलंस?

आत्या


२८ मे

आत्या,

खोटं लिहिलं. हो.

जे माझ्या बाजूचं आहे ते आधी सांगते, कारण ते खरं आहे. डाव्या मेंदूला मार बसला की हो आणि नाही यांची अदलाबदल होते. पाणी हवं असलेली माणसं नको अशी मान हलवतात. मी हे पोरांना दरवर्षी शिकवते. पण त्याच्या पुढचं वाक्यही मीच शिकवते: म्हणून पुन्हा विचारा. वेगळ्या शब्दांत विचारा, हात दाबायला सांगा, डोळे मिटायला सांगा. ‘तिला परत विचार’ एवढं म्हणायला मला एक श्वास पुरला असता. मी म्हटलं नाही. कारण परत विचारलं असतं आणि तू परत नको म्हणाली असतीस, तर मला ऐकावं लागलं असतं. त्या वेळी फोनवर सर्जन नव्हती. खाटेशेजारची मुलगी होती.

माफ कर. मनापासून मागते. पण तू जिवंत आहेस, डाव्या हाताने मला शिव्या देतेस, याचं मला वाईट वाटत नाही. वाटतं असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल.

आता समितीचं. माणसाला विचारा, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मोठ्या साहेबांना हे कळलं तर ते हसतील, आणि त्यांचं बरोबर असेल. सही करून टाकावी असं दोन दिवस मनात घोळतंय. नियम पाळणारी बाई निदान स्वतःच्या मर्जीने तरी कुणाला वाचवत नाही.

समिती अठरा तारखेला आहे.

खारूताई


२ जुलै

आत्या,

तू येणार हे कळवलं नाहीस. कळवलं असतंस तर मी तुला येऊ दिलं नसतं, हे तुला ठाऊक होतं.

शिंपीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवून तू दारातून आत आलीस तेव्हा मोठे साहेब म्हणाले, ‘नातेवाइकांनी बाहेर बसावं.’ तू म्हणालीस, ‘मी. पेशंट.’ मग अध्यक्षांनीच खुर्ची मागवली. तुला तो प्रसंग सांगायची गरज नाही, पण मला तो लिहायचाय. तुझं एकेक वाक्य यायला इतका वेळ लागत होता की खोलीतले सगळे मानेने तुला शब्द ढकलत होते. साहेबांनी एकदा मध्येच तुझं वाक्य पुरं केलं. तू हात वर केलास आणि म्हणालीस, ‘माझं आहे. मी. पुरं करते.’ त्यानंतर कुणी ते धाडस केलं नाही.

मला वाटलं होतं, तू माझी बाजू घ्यायला आलीस. तू म्हणालीस, ‘हिने विचारलं नाही. चूक. तुमचा नियम. विचारत नाही. तीच चूक. हिने एकदा केली. तुम्ही रोज.’ मग अध्यक्षांना वय विचारलंस. ते ‘एकोणऐंशी’ म्हणाले.

मी सही केली नाही. तुझं बोलून झाल्यावर मी उठून सांगितलं, आत्या स्वतःबद्दल म्हणते ते खरं आहे, शिक्षा द्यायची तर त्याची द्या. आजींसाठी नाही आणि मास्तरांसाठी तर मुळीच नाही. निकाल गेल्या आठवड्यात आला. नियम ‘विचाराधीन’, म्हणजे ना इकडे ना तिकडे. पक्षाघात विभागाची प्रमुख म्हणून माझं नाव दारावरून काढलं, तिथे माझ्याच हाताखालच्या एकाचं लावलं. काम मात्र काढून घेतलं नाही. साहेब म्हणाले, आता तरी धडा घे. मी म्हटलं, घेतलाय, पण तुम्हाला हवा तो नाही.

त्यानंतर दोघं आले. ब्याऐंशीचे एक गृहस्थ, बोलणं गेलेलं. पुन्हा पुन्हा विचारलं, हात दाबून घेतला, डोळे मिटायला लावले. दर वेळी हो. काढली. आज ते वॉर्डातल्या प्रत्येकाला नमस्कार करत फिरतात. नवा प्रमुख माझ्याकडे बघतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो.

दुसऱ्या एक बाई. त्यांनाही तसंच विचारलं. शब्द बदलून, हात धरून, त्यांच्या मुलाला बाहेर पाठवून. दर वेळी नको. गुठळी मला स्कॅनवर दिसत होती, आत्या. हाताच्या अंतरावर होती, मला ती सहज काढता आली असती. मी हातमोजे काढले आणि त्यांच्या शेजारी बसले. वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. मुलगा माझ्यावर ओरडला. त्याचं ओरडणं मला ओळखीचं वाटलं.

बाई अजून आहेत. खाटेवर. मी रोज जाते. त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते नर्सकडून शिकले. तू हे सहा वर्षं एकटीने केलंस, आणि मी सुट्टीत येऊन हात धरून बसत होते.

तुझी,
खारूताई


१४ जुलै

खारूताई,

अक्षर सुधारलंय. बघ.

समितीच्या दिवशी तू अजून आत होतीस तेव्हा तुझे साहेब बाहेर आले. माझ्या शेजारी बसले. म्हणाले, ती माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. मी म्हटलं, मग. छळता. का. तर म्हणे, माझे वडील नव्वदीत याच टेबलावर गेले, मीच हट्टाने केलं होतं. मला दया आली. पण फार नाही. मी म्हटलं, त्यांना. विचारलं होतं? ते उठून गेले. तुला हे सांगू नका म्हणाले होते. मी हो म्हटलं नव्हतं, नुसती मान हलवली होती.

दारावरच्या नावाचं वाईट वाटून घेऊ नकोस. पाटी पुसायला फडकं पुरतं. तू त्या बाईंजवळ बसलीस हे वाचून मी रडले. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं, म्हणजे केवढ्याने रडले असेन बघ.

तुझी माफी पोचली. राग अर्धा गेलाय. उरलेला मी ठेवणार आहे, तो माझा आहे.

मी रोज खिडकीशी बसून मोठ्याने पेपर वाचते. एक बातमी संपवायला सकाळ जाते. समोरच्या गल्लीतले लोक वैतागलेत. भावाची आठवण येते. त्याला कुणी नीट विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. मी ठरवून टाकायचे, पाणी हवं असेल म्हणून पाणी द्यायचे.

तू ‘हो’ची चिठ्ठी कधी लिहिली नाहीस. आता लिहू नकोस. माझी मार्चमधली दोन्ही पत्रं फाडून टाक. ती तेव्हाच्या बाईची होती, तिच्याशी माझं आता सगळं जमतं असं नाही.

पुढच्या वेळी मला विचार. डोळ्यांत बघून, पुन्हा पुन्हा, सगळ्या तऱ्हांनी विचार. आणि मी काय म्हणते ते कर. काय म्हणेन, ते आज सांगणार नाही.

आत्या